केशरआत्याला ऐकू येत न्हाई

आमची केशरआत्या गेली. तेरवं बी झालं. नातवंडं म्हणली, आज्जे, तू सारखी तिचंच सांगत बसतीस, तर मोबाइलवर लिवून टाक, समद्या घरादाराला धाडतो. म्हणून बसले. माझी शाळा चौथीपस्तोर, ती बी निम्मी ढोरामागं. तवा जसं बोलते तसंच लिवते, चुकलं तर समजून घ्या.

आधी मयतीच्या दिवसाचं सांगते, कारण शहरातली पाव्हणी लई विचारत होती. आत्याला न्हाऊ घालून अंगणात ठेवलं, आन गावातल्या बाया एकेक करून तिच्या उजव्या कानापाशी वाकल्या. काईतरी पुटपुटायच्या, एक खडा खांद्यावरनं मागं टाकायच्या आन सरळ चालत्या व्हायच्या. मागं वळून एकीनं बी बघितलं न्हाई. एक खडा तर आमच्या जावयाच्या चष्म्यावर बसला. त्यो म्हणला, "अहो, हे काय चाललंय?" मी म्हणलं, "तुमी जरा बाजूला व्हा. बाया सपनं सांगायलेत."

तर ते सपनांचं.

आमचं गाव घाटनांदूरच्या अलीकडं, ओढ्याच्या काठी. तिथं जुना रिवाज असा की बाईला वाईट सपान पडलं तर ते पोटात ठेवायचं न्हाई. तोंडात घास घालायच्या आधी ओढ्यावर जायचं. तिथं एक काळा दगड होता, त्याला सांगायचं, खडा मागं टाकायचा आन घरी यायचं. दगडाला कान न्हाई, म्हणून सपान तिथंच मरतं, नशिबाला लागत न्हाई. कान असलेल्या माणसाला सांगितलं तर मातर ते खरं होतं, असं म्हणायचे.

आता हे निजामाच्या राज्यातलं हाय. आंबाजोगाईला तवा मोमिनाबाद म्हणायचे. मी जलमायच्या लई आधीची गोष्ट. मला मायनं सांगितली, आज्जीनं सांगितली, आन आत्यानं तर किती येळा ते इचारू नका. तिघींचं समदं जुळत न्हाई. जिथं जुळतं तेवढंच सांगते.

आत्याला धारूरकडं दिलती. नवऱ्याचं नाव उत्तरेश्वर. दिसायला देखणा, हाताला वंगाळ. भाकर करपली तरी मारायचा, न्हाई करपली तरी मारायचा. एक दिवस असा कानाखाली हाणला की डाव्या कानातनं रगत आलं. मग ताप आला, मग दोन्ही कान वाहायला लागले, आन पोरगी ठार बहिरी झाली. सासरच्यांनी गाडी जुंपली आन तिला आमच्या दारात आणून उतरवलं. सासरा आज्जीला म्हणला, "हाक मारली तर ओ देत न्हाई. असली सून घेऊन काय करू? कान बरा झाला की निरोप धाडा, घेऊन जातो."

माझी आज्जी म्हंजी सुभद्राबाई. आज्जा आधीच गेलता. घरात आज्जी, तिचा पोरगा पंडित म्हंजी माझा बाप, आन आता ही परत आलेली लेक.

सुगी आली तवा आत्याचा उजवा कान उघडला. ती सांगायची, पैलं ऐकू आलं ते कोंबडं. लई रागानं वरडत होतं म्हणं, पण तिला वाटलं वाजंत्रीच वाजायली. आईला सांगाया धावली आन उंबऱ्यातच थबकली. कान बरा झाला की निरोप जाणार. निरोप गेला की गाडी येणार. गाडीत उत्तरेश्वर असणार. तशीच माघारी फिरली, कोंबड्याला मूठभर दाणे टाकले आन गप बसली. त्या दिवसापास्नं आत्या बहिरी राहिली ती आपल्या मर्जीनं.

आन एकदा मर्जीनं बहिरी झाल्यावर तिला त्याची गोडी लागली. आज्जी म्हणायची, "केशर, जळण आण गं," तर ही खाली मान घालून ज्वारी निवडायली. आज्जी म्हणायची, "केशर, गूळ खातीस का?" तर तवा बी न्हाई ऐकू यायचं. लई पक्की होती.

धुणं धुवाया रोज सकाळी ती ओढ्यावर जायची, त्या काळ्या दगडाशेजारीच बसायची. एक दिवस वच्छलाबाई आली सपान सांगाया, तर दगडावर आत्यानं लुगडं वाळत घातलेलं. वच्छलाबाईला घरी जायची घाई. तिनं इचार केला, दगडाला कान न्हाई आन हिला तरी कुठं हाय? वाकली, आत्याच्या कानात सपान सांगितलं, खडा टाकला, गेली. गावात समद्या बायांना कळलं मग. दगडापरीस केशर बरी, म्हणाया लागल्या बाया. दगड मान तर हलवत न्हाई.

सपनं कसली म्हणता! एकीच्या सपनात पोटात विस्तू पेटलेला, एकीच्या सपनात लुगडं धुवून धुवून लाल निघतंय आन थांबतच न्हाई. वच्छलाबाईचं सपान असं, की डोक्यावर हंडा हाय आन ओटीतलं धान्य भसाभसा खाली सांडतंय. आत्याला कळलं. वच्छला नुकती बाळंत झालेली, अंग बाहेर यायलं तिचं, आन सासू तिच्या डोक्यावर भरला हंडा देती. आता हे जागेपणी कोन कुणाला सांगणार? सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायचं भ्याव. सपान म्हणून सांगता येतं.

मग आत्या काय करायची? तिचं तोंड तर चालत होतं. वच्छलाबाईच्या सासूच्या दारात जाऊन उभी राहिली, बहिरी माणसं बोलतेत तसं मोठ्यानं म्हणली, "मावशे, मला सपान पडलं. जोगाई आलती. म्हणली, वच्छलीच्या डोक्यावर हंडा दिसला तर त्या घरचं पाणी आटवीन."

"आगं पण पाणी कोन आणायचं मग?"

"आं? हो, रातीच आलती."

"पाणी! पाणी कोन आणायचं म्हणते मी!"

"हिरवं लुगडं होतं तिचं."

आता हिच्याशी भांडायचं तरी कसं? देवीचं सपान, आन सांगणारीला ऐकू येत न्हाई. वच्छलाबाईच्या सासूनं सव्वा महिना सोता हंडा वाहिला, गुडघ्याला हात लावून कण्हत. वच्छलाबाई म्हणायची, नशीब माझं. आत्या म्हणायची, नशिबाला काय, जरा ढकलावं लागतं.

असं बरंच चाललं. तवर माझ्या बापाचं लगीन झालं, माझी माय घरात आली. तुळजा. लई पोरसवदा, आन बोलायला अशी की मुंगीला बी आवाज जाऊ नये. तिला दिवस गेले, सातवा लागला, आन ती वाळाया लागली. पाय सुजलेले, व्हट फुटलेले, येता-जाता घेरी यायची. आज्जीला वाटलं नखरे हायेत. मग वाटलं बाहेरचं लागलं. आज्जी म्हणली, "आमुशाला देवऋष्याकडं नेते, त्यो लिंबाच्या डहाळ्यानं झोडून काढील."

आत्याच्या ध्यानात आलं, की ही पाणीच पीत न्हाई. तांब्या तोंडाला लावती आन ठेवती.

मग एका सकाळी माय ओढ्यावर आली. आत्या तिची नणंद, पण सपान सांगायला नातं लागत न्हाई. वाकली आन म्हणली, "वन्सं, मला सपान पडतं. केकताडामागं लांडगा बसतो. पागोटं बांधलेला. दिवेलागणीला मी एकटी गेले की नाव घेऊन बोलावतो." खडा टाकून गेली. दुसऱ्या दिवशी तेच सपान. तिसऱ्या दिवशी बी तेच, आन वर म्हणली, "वन्सं, काल त्यानं पदर धरला."

तवा बायांची जागा म्हंजी ओढ्याकडंचं ते केकताडाचं, म्हंजी काटेरी घायपाताचं, कुंपण. त्याच्या आड जायचं, सकाळी उजाडायच्या आधी न्हाईतर दिस मावळल्यावर. बाकीच्या बाया टोळीनं जायच्या. मायला समद्यांच्या भाकरी थापून व्हायलाच उशीर, त्यात पोट पुढं आलेलं, ती मागं राहायची. म्हणून तिनं साधा हिशेब केलता. पाणी प्यायचं न्हाई, खायचं न्हाई, मग जायला बी लागत न्हाई.

आत्या म्हणायची, लांडगा पागोटं बांधत न्हाई एवढं मला कळत होतं. आन ते पागोटं कुणाचं ते बी कळलं. आप्पा पाटलाचा मेव्हणा धोंडीराम बहिणीच्या घरी येऊन राहिलता. काम ना धंदा, दिसभर पारावर बसायचा आन सांजच्याला पारावरनं गायब व्हायचा.

आत्यानं आपला नेहमीचा इलाज केला. भर दुपारी अंगणात उभी राहून म्हणली, "जोगाई सपनात आली. म्हणली, पोटुशी बाईला सांजच्याला एकटी धाडू नका. पाच सवाष्णींनी पोत पाजळून संगं जावं."

आज्जीनं कपाळाला हात लावला. "परसाकडला? पोत पाजळून?"

"आं? हो, आजपास्नंच."

पोत म्हंजी देवीच्या आराध्याचा चिंध्यांचा पलिता, तेलात भिजवून पेटवतेत त्यो. त्या सांजेला पाच सवाष्णी निघाल्या. एका हातात पोत, एका हातात तांब्या, मधी माझी माय लाजून अर्धी झालेली, आन मागं आत्या. पारावरची माणसं हसून हसून लोळायली. एकजण म्हणला, "पालखी कुठवर म्हणायची?" वच्छलाबाई म्हणली, "तुझ्या सासरवाडीपस्तोर!"

केकताडापाशी गेल्या. वच्छलाबाईनं पोत पुढं करून वाकून बघितलं, तर लांडगा बसलेला. त्यो दचकून उठला, पोताला पागोटं लागलं, पागोट्यानं पेट घेतला. मग काय सांगू? पाच पितळी तांबे हो! धोंडीराम डोकं विझवत पळतोय, बाया मागनं तांबे हाणायलेत, आन आत्या मोठ्यानं इचारायली, "काय झालं? काय झालं गं?" जशी काई तिला कायच मालूम न्हाई.

हसायचं तेवढं तिथंच संपलं. दुसऱ्या दिवशी चावडीत धोंडीराम आधी म्हणला, मी वासरू हुडकाया गेलतो. कुणाला पटंना तवा म्हणला, "खरं सांगू का? पंडितच्या बायकोनंच बोलावलं. रोज मागं राहायची ती कशापायी मग? इचारा तिला."

माझ्या बापानं खाली मान घातली. मायनं पदरात तोंड लपवलं. आज्जीनं तिचा दंड धरला, "चल, तुझ्या माहेरची गाडी जुंपते." आप्पा पाटील म्हणला, "बाई, तुझ्याकडनं गवाही द्यायला कोन हाय का?"

देवीच्या सपनाचं काम न्हवतं हे. जोगाईला चावडीत उलटं कोन इचारणार? मायनं आत्याकडं बघितलं, नुसतं बघितलं. आत्या सांगायची, तवा माझ्या डोळ्यापुढं गाडी आली, गाडीत उत्तरेश्वर बसलेला. मग तुळजीचे पाय दिसले, भोपळ्यावानी सुजलेले. आन मी उठले.

"मी हाय गवाही," आत्या म्हणली. "ती मला रोज सकाळी सांगत होती. ह्या माणसाच्या भ्यानं पाणी पीत न्हाई ती, तांब्या घेऊन जावं लागू नये म्हणून. माय, हात सोड तिचा. पाय बघ तिचे."

धोंडीराम मोठ्यानं हसला. "बहिरीनं ऐकलं! उद्या आंधळ्यानं बघितलं म्हणताल बे!"

पाटलाला बी खरं वाटंना. त्यो उठला, आत्याच्या पाठीमागं गेला, तोंडापुढं हात धरला आन अगदी हळू काईतरी पुटपुटला. मग म्हणला, "सांग, मी काय म्हणलो?"

आत्या म्हणली, "पाटील, ते ऱ्हाऊ द्या."

"सांग, सांग. ऐकलं असंल तर सांग."

"तुमी म्हणलात, धोंड्या लुच्चा हाय हे मला ठावं हाय, पण मंजुळीच्या भ्यानं घरात ठेवलाय."

मंजुळी म्हंजी पाटलीणबाई. चावडीला हसू आवरंना, पाटील लालबुंद. पण समद्यांपुढं निघालेलं तोंडातलं आता आत कसं घालणार? धोंडीराम त्याच दिवशी जळक्या पागोट्यासकट गावाबाहेर गेला. आज्जीनं मायला घरी आणलं, तांब्या घेऊन तिच्यापुढं बसली. "पी," म्हणली. "आजून पी. मी येते संगं. रोज येते." मग गाडी जुंपून मोमिनाबादच्या दवाखान्यात बी नेलं. तिथली नर्सबाई आज्जीवर लई रागावली, आन आज्जीनं आयुष्यात पैल्यांदा कुणाचं तरी गप ऐकून घेतलं.

पण हिकडं बायांच्या पायाखालची वाळू सरकलेली. केशरला ऐकू येतं! म्हंजी मी गेल्या साली काय काय सांगितलं? आठवून आठवून एकेकीचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर कोनी आलं न्हाई, त्याच्या पुढं बी न्हाई. आत्या एकटीच लुगडी आपटायची. वच्छलाबाई तर तिला बघून वाट बदलायची.

आन घाटनांदूरच्या बाजारातनं बातमी धारूरकडं गेली. एक दिवस दारात गाडी. सासरा उतरला, मागनं उत्तरेश्वर. आत्या ओसरीवर ज्वारी निवडत होती, माय तिच्या शेजारी.

सासरा म्हणला, "इहीणबाई, ऐकलं की पोरीचा कान उघडला. ठरलं होतं तसं न्यायला आलो."

आज्जीनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आन शांतपणी म्हणली, "कुणी सांगितलं हो? ठार बहिरी हाय माझी लेक."

आत्या म्हणायची, तवा माझ्या हातातलं सूप निसटलंच असतं.

गाडी बघून बाया जमायला लागल्या, कुणी न बोलावता. वच्छलाबाई पुढं झाली. तिनं आत्याकडं एकदा बघितलं आन पाव्हण्यांना म्हणली, "ही? हिच्या कानापाशी तोफ उडवा, ही म्हणंल माशी बसली." दुसरी म्हणली, "कालच बैल मोकाट सुटला, आमी बोंबलून मेलो, ही हलली न्हाई." कालचा बैल कुठला न् काय कुठलं!

उत्तरेश्वरचा इश्वास बसंना. त्यानं परात उचलली आन आत्याच्या मागं आपटली. कोंबड्या उडाल्या, शेजारचं पोर रडाया लागलं, आत्या खडे निवडायली. मग त्यो तिच्या पाठीशी वाकला आन बारीक आवाजात म्हणला, "चल घरी, दुसरा बी फोडतो."

मायनं ते ऐकलं. माय सांगायची, तुझ्या आत्याच्या मुठीत ज्वारी होती, ती मूठ अशी आवळली की नखं पांढरी झाली, पण तोंडावर काई न्हाई. मग मान वर करून ती आज्जीला मोठ्यानं म्हणली, "माय, कोन पाव्हणे हायेत गं? जेवून जातेत का?"

सासरा म्हणला, "पाटलांनी परीक्षा घेतली म्हणतेत. त्यांनाच बोलवा."

झालं, आता पाटील काय म्हणतो कुणास ठावं! आप्पा पाटील आला. मागनं मंजुळाबाई, कमरेवर हात ठेवून. सासऱ्यानं इचारलं, "पाटील, तुमी मागनं बोललेलं हिनं बरोबर सांगितलं म्हणं?"

पाटलानं बायकोकडं बघितलं, मग आत्याकडं, मग परत बायकोकडं. घसा खाकरला.

"छे हो," म्हणला. "मी म्हणलो, औंदा ज्वारी झकास हाय. हिनं भलतंच काईतरी सांगितलं. मी असलं बोलंन व्हय? ठार बहिरी हाय ती. लिवून देतो पायजे तर."

मंजुळाबाई म्हणली, "घरी चला, मग बघते ज्वारी."

गाडी गेली ती गेली. पुढं उत्तरेश्वरनं दुसरं लगीन केलं, परत फिरकला न्हाई.

दुसऱ्या दिवशी आत्या ओढ्यावर गेली तर काळ्या दगडापाशी एक बाई आधीच बसलेली. आज्जी. आत्या म्हणली, "माय, तुला कवापास्नं ठावं होतं?"

"दूध उतू जाताना चर्र झालं की पैली तूच पळायचीस. मला काय डोळे न्हाईत?" आज्जी म्हणली. "आन ह्या बायांना बी येड्या समजू नगस. दगड तर घराघरात हायेत, जातं हाय, पाटा हाय. ओढ्यावर तुझ्या कानापाशी कशाला आल्या असत्या?" मग वाकली आन आत्याच्या कानात सपान सांगितलं. ते काय होतं ते आत्यानं मरेपस्तोर सांगितलं न्हाई. आज्जीच्या मागं वच्छलाबाई उभी होती, आन तिच्या मागं आजून एक.

माय सुखरूप बाळंत झाली, माझी थोरली बहीण छबुबाई झाली. आन सांजच्याला टोळीनं जायचं, पोटुशीला मधी घ्यायचं, हा रिवाज आमच्या गावात घरोघरी संडास होईपस्तोर चालला. पोताची पुढं बॅटरी झाली एवढंच.

मधी एकदा गावात कानाचं फुकट मशीन देणारे आलते. आत्या त्यांना म्हणली, "नगं बाबा, माझा धंदा बसंल."

शेवटी शेवटी तिला खरंच ऐकू येईना. ती म्हणायची, "आगं, आता खरंच काई येत न्हाई गं." कोनी इश्वास ठेवला न्हाई. बाया हसायच्या आन सपनं सांगायच्या, आन ती पैल्यासारखीच मान हलवायची.

मी बी त्या दिवशी वाकले तिच्या कानापाशी. म्हणलं, आत्या, मला सपान पडलं, तू गेलीस. खडा बी टाकला मागं. पण घरी आले तर तिची जागा रिकामीच.